घोडी-पागेच्या नोंदी : शिरूर, जून २०२३ ते सप्टेंबर २०२४

११ जून २०२३

शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी जागा ठरली. वडिलांची १८ एकर, शिरूरपासून पाऊण तासावर. खालचं रान काळं, वरचा माळ मुरमाड. गावात सगळे काळ्या रानाला सोनं म्हणतात, पण पागा, विण्याच्या खोल्या आणि चरायची कुरणं मी माळावर आखली. काळी माती पावसात खुरांना लोंबते, खूर सतत ओले राहिले की मऊ पडून कुजतात. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पळत्या शिंगराचा पाय आत गेला तर संपलंच. मुरमावर पाणी थांबत नाही. काळ्या रानात फक्त चारा करायचा. दादाला हे पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

दादाने हिशेबाच्या वहीत पहिली ओळ ‘स्टॅलियन’, म्हणजे पैदाशीचा घोडा, अशी लिहून पुढे रक्कम मोकळी सोडली होती. मी तिच्याखाली ‘घोडी सांभाळणं’ लिहिलं आणि निम्म्याहून जास्त पैसा तिकडे टाकला. पुण्याजवळच्या एका स्टडवर, म्हणजे घोड्यांच्या पैदास केंद्रावर, मी नऊ वर्षं जनावरांची डॉक्टर म्हणून काढली आहेत. मालक येतो तो स्टॅलियन बघायला, मात्र जाताना स्वतःची घोडी आपल्या हवाली करून जातो, वर्षवर्षभर. पुढच्या साली त्याने पुन्हा यायचं की नाही, हे त्याला घोडी कशी परत मिळाली यावर ठरतं.

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. इंग्रजांच्या काळात इथे छावणी होती, घोडदळ होतं. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग आपण नवीन काही करत नाही, ताई. घोडे परत आणतोय.” आबा मोतद्दार आहेत, घोड्यांची निगा राखणारे. चाळीस वर्षं रेसकोर्सच्या पागांत गेली, वय सदुसष्ट. मी बोलावलं तर दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन हजर.

२७ ऑगस्ट २०२३

महिनाभर पाऊस नाही. माळावर लावलेली हरळी पिवळी पडली. ठिबक ओढून दोन कुरणं तरी वाचवायची आहेत.

हरळीवरून गावात चर्चा आहे. लोक ती रानातून उपटून काढायला मजूर लावतात आणि मी टोपल्यांनी विकत घेते. पण घोड्याच्या खुराखाली टिकणारं, जमीन धरून ठेवणारं, कितीही खुडलं तरी फुटणारं दुसरं गवत या भागात नाही.

आज शेजारच्या काकांनी हत्तीगवत फुकट देऊ केलं, दोन एकर उभं आहे म्हणाले. गोठ्यासाठी ते उत्तम. गाईच्या पोटातले जिवाणू त्यातलं ऑक्झलेट मोडून टाकतात, घोड्याला ती सोय नाही. ऑक्झलेट चाऱ्यातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, मग शरीर ते हाडांतून ओढायला लागतं. काही महिन्यांत घोडं लंगडतं, तोंडाची हाडं फुगतात. गाभण घोडीच्या बाबतीत तर पोटातलं पिल्लूही त्याच कॅल्शियमवर वाढत असतं. काकांना वाईट वाटू नये म्हणून घरी जाऊन चहा घेतला आणि समजावून सांगितलं. त्यांनी लसूणघासाला चार गुंठे जास्त पाणी द्यायचं कबूल केलं, ते माझ्या जास्त कामाचं.

याच कारणावरून आबांशीही थोडं वाजलं. त्यांचा कोंड्यावर फार विश्वास, रोज संध्याकाळी भिजवलेला गव्हाचा कोंडा हवाच. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला, म्हणजे परिणाम तोच. शेवटी ठरलं की कोंडा आठवड्यातून एकदा, मूठभर, औषध लपवण्यापुरता. रोज ओट्स, लसूणघास, वाळलेलं गवत आणि खनिज मिश्रण.

८ ऑक्टोबर २०२३

कुंपण. काटेरी तार कुठेही नाही, हे मी पहिल्या दिवसापासून धरून बसले आहे. थरोब्रेडची, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याची, कातडी पातळ आणि घाबरला की तो आधी पळतो, मग बघतो. पाच फुटांवर लोखंडी पाइप, मध्ये दोन आडवे, कोपरे सगळे गोल. स्टॅलियनचं कुरण आणि घोड्यांची कुरणं यांच्यात बारा फुटांची मोकळी गल्ली.

पूर्वेला लागून ऊस आहे, आणि ऊस म्हटलं की बिबट्या आला. गेल्या महिन्यात वस्तीवरची दोन करडं गेली. जुन्नर वनविभागाची माणसं येऊन पाहून गेली. मोठी घोडी लाथ मारून स्वतःला वाचवेल, चार दिवसांचं शिंगरू नाही वाचणार. म्हणून नियम: अंधार पडायच्या आत शिंगरांसकट सगळ्या घोड्या बॉक्समध्ये, पूर्वेच्या बाजूला उसापासून पन्नास फूट जमीन साफ, आणि त्या बाजूच्या बॉक्सच्या खिडक्यांना जाळी. खर्च वाढला. दादा काही बोलला नाही.

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा

स्टॅलियन आला. सात वर्षांचा, कुमैत म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, पुढच्या डाव्या पायाच्या कंडरेला इजा झाल्यावर शर्यतीतून काढलेला. ट्रकमधून उतरल्यावर दहा मिनिटं नुसता उभा राहून त्याने वारा घेतला. आईने ओवाळलं, आबांनी झेंडूची माळ घातली.

मग आबा अंगावरचे केसांचे भोवरे बघायला लागले. कपाळावर एक, मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक, छातीवर दोन. कुठला भोवरा धन्याला लाभतो आणि कुठला नाही, याचं त्यांचं शास्त्र आहे. मी ते मानत नाही. पण त्यांनी बोटाने दाखवलेला प्रत्येक भोवरा मी वहीत काढून घेतला, कारण स्टड बुकच्या, म्हणजे थरोब्रेडच्या वंशनोंदीच्या, ओळख-आकृतीतही भोवरे जागच्या जागी दाखवावे लागतात. पांढरे डाग नसलेल्या कुमैताची उघड्या डोळ्यांनी ओळख पटवायची तर भोवऱ्यांचाच आधार. त्याची मायक्रोचिप वाचून कागदांशी जुळवली, बरोबर आहे.

कागदांचं काम मोठं आहे. पुण्याच्या स्टड बुक अथॉरिटीकडे प्रत्येक फळवणीची, म्हणजे घोडा-घोडीच्या मिलनाची, तारीख जाते, प्रत्येक शिंगराची आई-बापासकट डीएनए तपासणी होते. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन अजिबात मान्य नाही, भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवणंही नाही. घोडा आणि घोडी समोरासमोर आलेच पाहिजेत. आपल्यासारख्या जागेला त्यामुळेच काम मिळतं: घोडीला इथवर यावंच लागतं.

१ डिसेंबर २०२३

दिवे लावले. सात खाली, म्हणजे गाभण नसलेल्या, घोड्या येणार आहेत, त्यांच्या बॉक्समध्ये संध्याकाळी पाचपासून रात्री अकरापर्यंत. दिवसाचा उजेड धरून सोळा तास व्हायला हवेत. घोडी दिवस मोठे झाले की माजावर येते. निसर्गात सोडली तर तिचा नियमित माज उन्हाळ्याच्या तोंडावर सुरू होणार. आणि प्रत्येक थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं, मग तो जानेवारीत जन्मलेला असो की मेमध्ये. उशिरा जन्मलेलं शिंगरू दोन वर्षांचं म्हणून धावायला जातं तेव्हा शेजारचा त्याच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा असतो. म्हणून डिसेंबरातच घोडीला वसंत आला असं भासवायचं.

किती उजेड पुरे, याची आबांची कसोटी मला आवडली. बॉक्सच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे. त्यांनी चष्मा लावून सातही बॉक्समध्ये वाचून बघितला. दोन ठिकाणी दिवा हलवला.

शेतीच्या लाइनला वीज आठ तास, तीही पाळीपाळीने. म्हणून इन्व्हर्टर. एक रात्र दिवे गेले तर फार बिघडत नाही, चार रात्री गेले तर महिना वाया.

९ जानेवारी २०२४

एकूण तेरा घोड्या ठरल्या: सहा गाभण, सात खाली. काल संध्याकाळपर्यंत बारा आल्या. सगळ्यांना एकवीस दिवस वेगळं ठेवलंय. ग्लॅंडर्स या संसर्गजन्य रोगासाठी रक्त, गर्भाशयाच्या संसर्गासाठी स्वॅब. स्टॅलियनचेही स्वॅब गेले. एक आजारी घोडी आणि एक स्टॅलियन मिळून अख्खा हंगाम बुडवू शकतात, म्हणून अहवाल येईपर्यंत हातमोजे, बादल्या, खरारे प्रत्येकीचे वेगळे. पागेवर कामाला असलेली पोरं कंटाळतात. मी रोज तेच सांगते.

तेरावी घोडी अजून आलेली नाही. मालक म्हणतात, फेब्रुवारीत पाठवतो. मी लेखी कळवलं आहे की विण्याच्या निदान सहा आठवडे आधी ती इथे पाहिजे.

२८ जानेवारी २०२४

स्टॅलियनची चाचणी. गावाकडच्या दोन देशी घोड्यांवर. पहिल्या दिवशी त्याला काय करायचं ते कळेना, मागून यायच्या ऐवजी बाजूने चढायला गेला. शर्यतीच्या पागेत असल्या हालचालीला वर्षानुवर्षं दम दिलेला असतो, आता तीच त्याच्याकडून हवी आहे. आबांनी एकदाही आवाज चढवला नाही. तिसऱ्या दिवशी जमलं. उतरताना गळालेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला: हालचाल चांगली, दाटी चांगली. एका देशी घोडीला पंधराव्या दिवशी गर्भ दिसला की मी निश्चिंत.

१६ फेब्रुवारी २०२४

पहिली फळवणी.

रोज सकाळी टीझर फिरवतो. टीझर म्हणजे भीमथडीचं तट्टू, आखूड पायांचं, छातीला रुंद. स्वभाव इतका गोड की लाथ खाऊनही परत बोलायला जातो. कुठली घोडी माजावर आहे हे त्याने ओळखायचं. नको असेल ती कान मागे टाकून किंचाळते. माजावर असेल ती पाय फाकवून उभी राहते, शेपूट बाजूला घेते, मुतते. आज आठ वाजता चौथ्या बॉक्सची पंचकल्याणी, चारही पाय आणि तोंड पांढरं असलेली घोडी, त्याच्यासमोर जागची हलेना. सोनोग्राफी केली: डाव्या अंडाशयावर ३८ मिलिमीटरचा बीजाचा फुगा, आणि गर्भाशयाच्या आडव्या छेदात सूज अशी की चाकाच्या आऱ्या दिसाव्यात. फुगा फुटायला दोनेक दिवस आहेत असा अंदाज बांधून इंजेक्शन दिलं आणि दुपारी चारची वेळ ठरवली.

शेपटीला पट्टी, मागचा भाग नुसत्या कोमट पाण्याने धुतलेला, मागच्या पायांत नमद्याचे बूट म्हणजे लाथ बसली तरी घोड्याचं हाड वाचेल. आबा घोडीच्या तोंडाशी, मी बाजूला, थोरला पोरगा स्टॅलियनच्या दोरीवर. सगळं मिळून दोन मिनिटंही नाही. शेपूट चार-पाच वेळा पंपासारखी वर-खाली झाली, तेवढी एक खूण बघायची असते. तारीख, वेळ, सही.

आजपासून ३४० दिवस मोजले तर २१ जानेवारी २०२५ येते. हंगाम फेब्रुवारीच्या मध्याआधी कोणी सुरू करत नाही, त्याचं कारण हेच. शिंगरू डिसेंबरच्या शेवटी जन्मलं तर चार दिवसांत ते कागदावर एक वर्षाचं होईल.

२ मार्च २०२४

पहाटे ३.१०. पहिलं शिंगरू. तीन दिवसांपासून सडांच्या टोकाला मेणासारखे मणी दिसत होते, काल रात्री दुधातलं कॅल्शियम पट्टीवर पूर्ण चढलं, म्हणून मी आणि धाकटा पोरगा खोलीबाहेर खाटेवर होतो. पाणी गेल्यापासून बावीस मिनिटांत बाहेर. पुढचे दोन पाय, एक थोडा मागे, त्यावर नाक. मी हात लावला नाही. तासाच्या आत उभं, दोन तासांच्या आत सडाला, तीन तासांच्या आत वार पडली. वार जमिनीवर पसरून दोन्ही टोकं बघितली, तुकडा आत राहिलेला नाही.

शिंगरू पोटभर प्यायल्यावर घोडीचा २५० मिलिलिटर चीक काढून गाळला, दाटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर २७. पिशवीत भरून तारीख घालून फ्रीझरमध्ये. घरचा खरवस ज्या फ्रीझरमध्ये असतो त्यातच ठेवला होता, आईने डब्यावर मोठ्या अक्षरात ‘घोडी’ लिहिलं. हे शिंगरू इंडियन डर्बी धावलं, तर ते फेब्रुवारी २०२८ असेल.

१९ मार्च २०२४

तेराव्या घोडीची नोंद सविस्तर करते.

सहा आठवडे आधी मागितलेली घोडी १४ तारखेला आली. कास भरलेली, आणि ट्रकच्या फळीवर दुधाचे थेंब वाळलेले. घोडी जिथे विणार तिथे ती महिना-दीड महिना राहिली पाहिजे, कारण त्या जागेच्या रोगजंतूंना तिचं रक्त ओळखायला लागतं आणि ती ओळख चिकात उतरते. घोडीच्या वारेतून पिल्लाला प्रतिद्रव्यं मिळत नाहीत, माणसाच्या बाळासारखं नाही. शिंगरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षण जवळजवळ शून्य असतं. जे मिळतं ते चिकातून, तेही पहिल्या दिवसातच. त्यानंतर आतडं ती मोठी प्रथिनं आत घेत नाही.

ही घोडी चार दिवस गळत राहिली. चिकाचा पहिला दाट भाग रस्त्यात आणि माझ्या बॉक्सच्या पेंढ्यात गेला. १७ च्या रात्री ११.४० ला शिंगी, म्हणजे मादी शिंगरू, झाली, ४६ किलो, सुंदर, लाल. आईचं दूध रिफ्रॅक्टोमीटरवर ११. नुसतं पांढरं पाणी.

आतापर्यंत तीन घोड्यांचा मिळून ७५० मिलिलिटर चीक साठला होता. कोमट पाण्याच्या बादलीत पिशव्या सोडल्या. गरम पाणी वापरलं तर प्रथिनं मोडतात, म्हणून हात घालून घालून पाणी बघत होते. पाऊण तास लागला, त्या रात्रीतला सगळ्यात लांब. बाटलीने तीन वेळा, दर तासाला २५०. प्यायली.

काल रात्री, चोवीस तास झाल्यावर, तिच्या रक्तातलं प्रतिद्रव्यांचं प्रमाण तपासलं. ४०० ते ८०० च्या मधे. आठशेच्या वर हवं होतं. जगेल कदाचित, पण ‘कदाचित’वर मी तिला सोडणार नव्हते. आमच्या खच्ची केलेल्या घोड्याचं रक्त जानेवारीतच तपासून, प्रत्येक घोडीशी जुळवून ठेवलं होतं, अशाच दिवसासाठी. त्याचं रक्त पिशव्यांत घेऊन टांगलं. घोड्याच्या लाल पेशी स्वतःच्या वजनाने भराभर खाली बसतात. दोन तासांत पिशवीत खाली गडद लाल, वर गवती पिवळं. वरचं तेवढं अलगद काढून घेतलं. एक लिटर, शिंगीच्या शिरेतून, थेंब-थेंब.

आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, त्यांच्या लहानपणी ऐकलंय, रेसचे म्हातारे घोडे मुंबईला हाफकिनला जायचे, लस करायला. खरं आहे. धनुर्वाताचं, सापाच्या विषाचं प्रतिविष घोड्याच्याच रक्तातून निघायचं. पूनावालांच्या स्टडवरूनही असे घोडे जात आणि त्यातूनच १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. एका घोड्याच्या रक्तातली तीच ताकद माझ्या हातातल्या नळीतून या शिंगीत उतरत होती.

आज दुपारी पुन्हा तपासणी: ८०० च्या वर. ताप नाही, नाळ कोरडी, सांधे थंड.

मालकांना फोन केला. त्यांनी आभार मानले आणि प्लाझ्माचा खर्च का लावला असं विचारलं. मी तारखांसकट सगळं लिहून पाठवलं आहे. पुढच्या वर्षीच्या करारात सहा आठवड्यांची अट घातली, ती मोडली तर घोडी उतरवून घेणार नाही.

४ एप्रिल २०२४

चौदाव्या-पंधराव्या दिवसाच्या तपासण्या चालू. सहाव्या बॉक्सच्या घोडीला जुळं. पडद्यावर दोन काळे गोल, १७ आणि १४ मिलिमीटर, एकमेकांपासून लांब. घोडीचं गर्भाशय दोन जीव वाढवू शकत नाही. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या महिन्यात दोन्ही पडतात आणि घोडीही धोक्यात येते. सोळाव्या दिवसापर्यंत हे गोल गर्भाशयात फिरत असतात, नंतर एका जागी बसतात, आणि दोन्ही शेजारी बसले तर वेगळे करणं फार अवघड. लहान गोल गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाकडे सरकवला, बोटांत दाबला. पडद्यावर तो विरला. मी दर वेळी एक क्षण थांबते. दुसरा गोल आज संध्याकाळी जागेवर आहे.

शिंगी झालेल्या घोडीचा नवव्या दिवशीचा माज मी सोडून दिला, तिला सावरू दे. ३४० दिवसांची गाभण आणि ३६५ दिवसांचं वर्ष, मध्ये पंचवीस दिवस हातात असतात. थोडं मागे पडेल, चालेल.

१२ मे २०२४

पारा ४१. फळवणी आता पहाटे साडेपाचला. स्टॅलियनच्या बॉक्सला ओलं गोणपाट आणि पंखा.

३० जून २०२४

हंगाम बंद. तेरापैकी अकरा गाभण, बेचाळिसाव्या दिवशी हृदयाचे ठोके पाहून. एक घोडी राहिलीच नाही. एकीचा गर्भ चाळिशीच्या आसपास गेला, आणि त्यानंतर ती माजावरही येईना. गर्भ गेला तरी त्याने गर्भाशयात रुजवलेल्या पेशी महिनोन्‌महिने संप्रेरक सोडत राहतात, शरीराला वाटतं आपण गाभणच आहोत. तिचं वर्ष गेलं. मालकांना स्वतः जाऊन सांगून आले.

२१ जुलै २०२४

गोमाश्या आल्या. एका घोडीला ताप, उतरला, परत चढला. रक्ताच्या थेंबात वळवळणारा सर्रा रोगाचा परजीवी दिसला. औषध सुरू. संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, शेणखड्डा आणखी लांब हलवला.

२ सप्टेंबर २०२४, पोळा

गावात बैलांची मिरवणूक, आमच्याकडे दूध तोडायचा पहिला दिवस. सहा महिन्यांचं पहिलं शिंगरू आईपासून वेगळं केलं, सोबतीला भीमथडी टीझर. शिंगरू दिवसभर ओरडून दमलं आणि शेवटी टीझरच्या मानेखाली डोकं घालून उभं राहिलं.

सकाळी ओळख-आकृत्या पुऱ्या केल्या. शिंगीच्या कपाळावर दोन भोवरे आहेत, वर-खाली, अगदी लागून. आबांना विचारलं, याचा अर्थ काय. बराच वेळ तिच्या कपाळावरून अंगठा फिरवला. “ही आपल्याकडून जाणार,” म्हणाले, “पण विणायला परत येईल.” मी आकृतीत दोन फुल्या मारल्या.

रात्री दहाची फेरी. सगळीकडे पाणी भरलेलं. पहिल्या बॉक्सची घोडी दाराशी उभी, कान शिंगराच्या दिशेने. कास ताठ आहे, गरम नाही. पिळली नाही, पिळलं तर दूध येतच राहील. ओट्स बंद, नुसतं वाळलेलं गवत. पहाटे पाचला पुन्हा बघायची.